नाव कुणाचं?

भापकरांच्या घरात कापायच्या बोकडाला नाव ठेवायचं नाही, असा दंडक होता. माणसांना मात्र मनसोक्त नावं ठेवावीत; त्या बाबतीत ते घर श्रीगोंदा तालुक्यात कुणाला हार गेलं नसतं. घरच्या थोरल्यांनी, आबांनी, घालून दिलेला हा दंडक आबा गेल्यावरही चालू होता, आणि म्हणून गोठ्याच्या कडेला बांधलेल्या काळ्या बोकडाला सगळे नुसतं 'कंदुरीचा' म्हणत. कंदुरीच्याला पाला टाकला का? कंदुरीच्याने दावं तोडलं. कंदुरीचा आज भुईमुगाच्या शेंगा खाऊन बसला.

त्याला आता गुरुवारपर्यंतच पाला लागणार होता. गुरुवारी माळावरच्या पिराला कंदुरी होती, म्हणजे नवसाचा बोकड कापून गावजेवण. प्रणिता सातव्या महिन्यात जन्मली, तेव्हा नगरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेल्या त्या मुठीएवढ्या जिवाकडे बघून तिची आजी राहीबाई नवस बोलली होती : पीरसाहेब, एवढं लेकरू वाचू दे, तुला बोकड देईन. लेकरू वाचलं. पण नंतर कधी दुष्काळ पडला, कधी भावकीत सुतक आलं, कधी आबांचं दुखणं निघालं. नवस राहिला तो राहिलाच. आबांचं वर्षसराद झालं आणि राहीबाईने मुलाला, प्रणिताच्या बापाला, समोर बसवून सांगितलं, "बिभ्या, तुजा बाप गेला तसं मला बी एक दिवस जायाचं हाय. पिराचं देनं डोक्यावर ठिवून मी न्हाई जायाची."

बिभीषणला तसंही निमित्तच हवं होतं. रामायणातला बिभीषण सात्त्विक होता म्हणतात. भापकरांच्या बिभीषणचा सात्त्विकपणा कलेजीचा वास येईपर्यंत टिके. उसाला तोड आली, फडाचं काम टोळीवर सोपवून त्याने बोकड आणला, अर्ध्या गावाला आवतन दिलं, आणि संगमनेरला बहिणीला फोन केला. अश्विनीने मुलाची, अर्णवची, दहावी आहे म्हणून त्याला बापाजवळ ठेवलं आणि रविवारीच येऊन दाखल झाली. घर भरलं. बिभीषण खुशीत होता.

ती खुशी सोमवारच्या सकाळच्या चहापर्यंत टिकली.

"प्रणी, गुरुवारी ती हिरवी साडी नेस," ओसरीवर पाय पसरून बसलेली अश्विनी भाचीला म्हणाली. "बोकडाला तूच ओवाळायचं. तुझ्या नावाचा आहे तो."

प्रणिताने कप खाली ठेवला. "आत्या, माझ्या नावाने कापू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे कंदुरी करा, जेवणं घाला. मी कुणाला खाऊ नका म्हणत नाही. पण माझ्या नावाने जीव नको."

ती हे इतक्या हळू म्हणाली, की बिभीषणला आधी वाटलं साडीचाच काहीतरी वाद आहे. पोरगी पुण्यापलीकडच्या एका कोंबडीच्या कारखान्यात, माल तपासायच्या कामावर होती. दिवाळीत ती नोकरी सोडून घरी आली ती मटणाच्या ताटावरून उठायला लागली. पोट बिघडलं असेल म्हणून बिभीषणने तिला ओवा चारला होता. ओवा खाऊन ती पुन्हा उठली तेव्हाही त्याने का म्हणून विचारलं नव्हतं.

राहीबाईने मात्र पहिल्याच वेळी नीट ऐकलं होतं. तिने बशी जमिनीवर ठेवली. "आन् मग चा का पितीस? दूध काय झाडाला लागतं? वासराच्या तोंडचं हाय ते."

"ते पण खरंय आजी."

"खरंय, तरी पितीसच ना?"

"पितेय. सगळं एकदम सुटत नाही माझ्याच्याने."

यावर राहीबाई जास्तच चिडली. भांडणाऱ्याशी भांडता येतं. खरंय म्हणणाऱ्याचं काय करायचं? मग बिभीषणने मध्ये तोंड घातलं. "हे बघ प्रणी, आपला फड पेटवतो तेव्हा आत काय काय जळतं, तुला ठाऊक हाय का? ससे निघतात पेटलेले. घोरपडी, पाखरांची पिल्लं. मग साखर सोडतीस का? बिनसाखरेचा पी चहा!"

"अण्णा, तुम्ही ते ससे बघितलेत?"

"बघितलेत की."

"मग?"

बिभीषणने चहाचा मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. त्याची बायको पुष्पावती चुलीजवळून सगळं ऐकत होती, पण ती बाहेर आली नाही. पुष्पावती बाहेर येत नाही तेव्हा तिचं मत पक्कं झालेलं असतं, हे बिभीषणला इतक्या वर्षांच्या संसारात कळलेलं होतं.

"ऐका माझं," राहीबाई शेवटी म्हणाली. "वाचली ती. तवा नाव तिचं. तिचं नाव न्हाई तर नवस फिटत न्हाई. एवढ्या वर्साचं देनं ह्या पोरीपायी ऱ्हायलं, तर मला तिच्यासंगं बोलायचं न्हाई." आणि ती खरंच बोलायची थांबली. प्रणिता लहानपणापासून आजीच्या खोलीत, आजीच्या पायाशी झोपायची. त्या दिवशी राहीबाईने तिचं अंथरूण गुंडाळून खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं. प्रणिताने ते उचललं आणि आपली बॅगही भरायला घेतली.

ती बॅग बिभीषणने पाहिली. आज ही गेली, तर या घरात ही सणासुदीची पाहुणी होणार, हे त्याला लख्ख दिसलं. आणि नाव तिचं नसेल तर म्हातारी मनात अढी धरून मरणार, हेही दिसलं. दोघीही बोलल्याप्रमाणे वागणाऱ्या. घरात एक जरी खोटं बोलणारी बाई असती, तर किती सोपं झालं असतं!

तो तडक अल्लाबक्षच्या घरी गेला.

अल्लाबक्ष गावचा मुलाणी. पिराची झाडलोट, दिवाबत्ती आणि कंदुरीची सुरी त्याच्या घराण्याकडे. तो आबांच्या बरोबरीचा. दोघांनी एकाच विहिरीत पोहायला शिकताना एकमेकांना बुडवलेलं. आता गुडघ्यांनी दावा मांडला होता, आणि तो अंगणात उन्हात बसून गुडघ्यांना तेल चोळत होता.

"चाचा, नाव बदलता येतं का?" बिभीषणने बसायच्या आत विचारलं.

"कुनाचं? बोकडाचं?"

बिभीषणने सगळं सांगितलं. अल्लाबक्षची बायको शकिला चहा घेऊन आली ती ऐकत तिथेच उभी राहिली.

"नारळावर भागंल का?" बिभीषण म्हणाला. "कोहळा कापला तर?"

"भागंल की," अल्लाबक्ष म्हणाला. "पीर काय तुज्या दारात मागायला आला न्हाई. बोलनारा बोलतो, मी कापतो. नारळ आना, नारळावर फातिहा देतो. माजं गुडघं तेवढं वाचतील."

"मग एवढं आईला सांगाल का तुमी?"

"मी? वयनीला?" अल्लाबक्षने तेलाची वाटी बाजूला ठेवली. "तुज्या बापाला जलमभर जमलं न्हाई ते मला सांगतोस व्हय रं?"

शकिला हसली. बिभीषणलाही हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

"एक मातर हाय," अल्लाबक्ष म्हणाला. "बोकड आनला तर नाव पायजे. बिननावाचा मी कापीत न्हाई. सुरी धरून मी इचारनार, नाव कुनाचं? कुनी तरी सांगायचं. आन् सांगनाऱ्यानं त्याच्या कपाळावर हात ठिवायचा. त्यो शांत हुईस्तवर काढायचा न्हाई. माज्या बापापास्नं हे असंच हाय."

"आबा ठेवायचे."

"तुजा बाप ठिवायचा. दुसऱ्या कुनाचा नवस आसला तरी नाव त्येचं सांगून हात सोता ठिवायचा. तू कुटं आसायचास?"

"चुलवानाकडं."

"व्हय. कांदं चिरीत." अल्लाबक्ष हे टोचून बोलला नाही, जसं होतं तसं बोलला. "खाताना समदं गाव, आन् पाप म्हनलं की मुलान्याचं. माज्या बापाला ह्याचा लई राग यायचा. म्हनला, सुरी मी धरतो, पर जीव जाताना तुमचा हात बी तिथं पायजे. तवापास्नं ही रीत. काय जनांना आवडत न्हाई. ते मग बाजारातनं किलोनं आनत्यात."

बिभीषण घरी परतला तो डोक्यात एकच हिशेब घेऊन : प्रणिताचं नाही तर दुसरं कुणाचं तरी नाव मिळवायचं. घरात माणसं काय कमी होती?

त्याने बहिणीपासून सुरुवात केली, कारण मटणाच्या बाजूने ती सगळ्यांत जोरात होती. सकाळपासून अश्विनी प्रणिताला शिकलेल्या मुलींची थेरं, मोबाईलवरची फॅडं असं काय काय ऐकवत होती. बिभीषण तिला म्हणाला, "आशे, आपण अर्णवचं नाव देऊ. दहावीला चांगले मार्क पडावेत म्हणून. आई ऐकंल नातवाचं नाव म्हटल्यावर."

अश्विनीच्या हातातली लसणाची पाकळी हातातच राहिली. "अर्णवचं? नको रे दादा."

"का?"

"नको म्हणजे... परीक्षेच्या तोंडावर... कशाला उगीच एक जीव त्याच्या नावावर?"

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. ती लसूण सोलायला लागली. चुलीजवळ पुष्पावतीची फुंकणी अंमळ जोरात वाजली.

"मग तुझं देऊ?" बिभीषण म्हणाला.

"मी सासरची. माझं नाव माहेरच्या कंदुरीला कसं चालेल?" अश्विनी पटकन म्हणाली. वाटणीच्या वेळी हिला आपण माहेरची असल्याचं चांगलं आठवलं होतं, हे बिभीषणच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. संध्याकाळपर्यंत अश्विनीच नारळाच्या बाजूला गेली होती. "आई, प्रणी म्हणते त्यातही काही चूक नाही ग. आजकाल पुष्कळ लोक नारळच देतात." राहीबाईने लेकीकडे असं पाहिलं की अश्विनीने विषय बदलून बाजरीच्या भावाचा काढला.

"आणि तुझं?" बिभीषणने बायकोला विचारलं.

पुष्पावतीने तव्यावरची भाकरी उलटली. "माझं कशाला? तुमचं द्या की."

"माझं कसं? नवस प्रणीचा."

"ती पेटीत पडली होती. डोळे बी उघडले नव्हते तिनं. तिनं कसा नवस केला?" पुष्पावती म्हणाली. "आन् एक सांगते. तिनं तिथं काय बघितलं ते मला सांगितलंय. तुमी इचारलंत का कधी?"

बिभीषण बुधवारी संध्याकाळी गोठ्यात गेला. प्रणिता बोकडाला शेवरीचा पाला टाकत होती. बॅग ओसरीवर भरून ठेवलेली होती, पण अजून ती गेली नव्हती. तो गव्हाणीच्या कडेला टेकला. काय विचारायचं ते माहीत होतं, कसं विचारायचं ते माहीत नव्हतं.

"तिथं... लई वाईट होतं का गं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. ती रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही. "वाईट म्हणजे स्वच्छ होतं अण्णा. एकदम स्वच्छ. पट्ट्यावर उलट्या टांगलेल्या यायच्या, एकामागं एक. मी शेवटाला उभी असायचे. एकदा मी साहेबांना विचारलं, ह्या आजच्या कुठल्या गावच्या हो? साहेब हसले. म्हणाले, बॅच नंबर बघ."

"हं."

"बास, एवढंच. मारहाण नाही, काही नाही. पण त्या दिवसापासून मला घास जाईना. एवढे जीव जातात, आणि तिथं असलेल्या कुणालाच त्याचं काही नाही. मलाही नव्हतं, तेच वाईट." तिने पाल्याची फांदी बोकडासमोर धरली. "आजीसाठी मी काहीही करेन. पण हे नाही जमणार. सांगून टाकू का तिला खोटंच, हो म्हणून?"

"नको," बिभीषण म्हणाला, आणि आपण असं का म्हणालो याचं त्यालाच नवल वाटलं. दोन दिवस तो नेमकं तेच शोधत फिरत होता. "उद्या थांब तेवढी. नाव देऊ नको. पण थांब."

"थांबते," ती म्हणाली.

गुरुवारी माळावर उन्हं कोवळी होती. हलगी वाजत होती. बायकांनी दुरड्यांतून भाकरी आणल्या होत्या, आणि लिंबाखाली पुरुषांनी चुलवानं पेटवली होती. कंदुरीचा स्वयंपाक पुरुषांनी करायचा आणि तिथंच संपवायचा. घरी घासही न्यायचा नाही. बिभीषण कांद्याच्या ढिगापुढे बसला होता. ही त्याची हक्काची जागा. डोळ्यांतून पाणी काढत तो मन लावून कांदे चिरत होता.

बोकडाला आंघोळ घातली, गळ्यात झेंडूची माळ घातली. पुष्पावतीनेच ओवाळलं. मग राहीबाईने तांब्यातलं पाणी त्याच्या पाठीवर शिंपडलं आणि सगळे वाट बघायला लागले. बोकडाने अंग झटकलं की तो राजी आहे असं धरतात. क्षणभर तो तसाच उभा राहिला, मग त्याने सर्रकन अंग झटकलं.

"मान्य! मान्य झालं!" चारपाच जण ओरडले.

"थंडीत गार पाणी टाकलं तर मीही झटकेन," प्रणिता आईच्या कानात म्हणाली. पुष्पावतीने तिला कोपर मारलं, पण हसू तिलाही आवरलं नाही.

अल्लाबक्षने बोकडाला पश्चिमेला, किब्ल्याकडे तोंड करून आडवं घेतलं. त्याच्या मुलाने, फैयाजने, पाय धरले. हलगी थांबली. अल्लाबक्षने सुरी हातात घेऊन भापकरांकडे पाहिलं.

"नाव कुनाचं?"

चुलवानाचं लाकूड तडतडलं तेवढंच. अश्विनी दर्ग्याच्या घुमटाकडे पाहत होती, जणू काही तो तिने आजच पाहिला.

"नाव सांगा," अल्लाबक्ष म्हणाला.

राहीबाई तीन दिवसांत पहिल्यांदा नातीशी बोलली. "सांग की गं. तुज्यासाठी किती केलं मी. एवढं बी करायची न्हाईस?"

प्रणिताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने मान हलवली. नाही.

"प्रणे!"

"आजी, नाही गं. नाही."

राहीबाईचा चेहरा असा झाला की बिभीषणला ते बघवेना. आता म्हातारी काहीतरी बोलणार, असं काही जे नंतर परत घेता येत नाही, हे त्याला कळलं. तो कांद्याच्या ढिगामागून उठला. आपण उठलोय हे त्याला चार पावलं टाकल्यावर समजलं.

"माझं," तो म्हणाला. "बिभीषण नामदेव भापकर."

"तुज्या नावानं बोलले नव्हते मी," राहीबाई म्हणाली.

"आई, ती काय मागायला आलती का? काचंच्या पेटीत हुती ती. मागितलं आपण. लेकरू माझं हुतं, मला ते पायजे हुतं. मिळालं ते मला मिळालं. मग देणं तिचं कसं, माझंच की." तो अल्लाबक्षकडे वळला. "नाव माझं घाला चाचा."

राहीबाईने हातातला तांब्या खाली ठेवला. अल्लाबक्षने डोक्याने खूण केली : बस.

बिभीषण गुडघ्यावर बसला आणि त्याने बोकडाच्या कपाळावर तळवा ठेवला. कपाळ आंघोळीने ओलं होतं आणि खालून गरम होतं. अल्लाबक्षने बिस्मिल्ला म्हटलं. बिभीषणने डोळे मिटून घेतले. आयुष्यभर तो या क्षणाला लिंबाखाली असायचा आणि म्हणून हा क्षण किती लांब असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. तळव्याखाली सगळं अंग उसळलं, पुन्हा उसळलं. त्याला हात काढायचा होता. हात निघायलाच लागला होता.

"काढू नका अण्णा."

प्रणिता त्याच्या शेजारी येऊन बसली होती. तिने त्याच्या हातावर हात ठेवला नाही. त्याच्या हाताशेजारी, थेट बोकडाच्या कपाळावर ठेवला. ती रडत होती आणि तिचा हात अगदी स्थिर होता. "आता काढला तर त्याच्याजवळ कुणीच नाही," ती म्हणाली.

दोघं तसेच बसून राहिले. उसळणं कमी झालं, मग नुसती थरथर राहिली, मग तीही नाही. अल्लाबक्ष "झालं" म्हणाला तेव्हा बिभीषणने डोळे उघडले. पोरगी त्याच्याकडे नाही, बोकडाकडे पाहत होती.

गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "पोरीचा हात लागला. नवस फिटला!" अश्विनीने लगेच ते उचलून धरलं. "बघ आई, फिटला की! तिच्याच हाताने फिटला." राहीबाई म्हणाली, "गप बस आशे," आणि ती दर्ग्याच्या भिंतीपाशी जाऊन बसली.

दुपारी पंगत बसली. रीत अशी, की ज्याचं नाव त्याला पहिलं वाढायचं. बिभीषणपुढे कलेजी आली, रस्सा आला, मटणाच्या आळणी पाण्याची वाटी आली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने खाल्लं. न खाण्याचं नाटक त्याला शोभलं नसतं, आणि अर्धं गाव ताटावर बसलेलं. मटण झकास झालं होतं. चव दर वेळेसारखीच होती, आणि तेच त्याला सहन होईना. काहीतरी वेगळं लागायला हवं होतं, निदान आज. अश्विनी पातेलं घेऊन आली तेव्हा तो "बास" म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द पंगतीत कधी कुणी ऐकला नव्हता. अश्विनीने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

तो हात धुऊन दर्ग्याच्या भिंतीपाशी आला. राहीबाई तिथेच बसून होती. समोर ताट होतं, भाकरी अर्धी मोडलेली, रस्सा निवत चाललेला. प्रणिता थोड्या अंतरावर भाकरी आणि कांदा घेऊन बसली होती. बिभीषण कुणाच्याच फार जवळ न जाता मधेच टेकला.

"आई, जेव की. फिटलं तुझं."

"फिटलं," राहीबाई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटलं हुतं, फिटलं की हलकं वाटंल."

लिंबाखाली पोरांचा गलका चालला होता. राहीबाईने नातीकडे पाहिलं. "इकडं ये गं."

प्रणिता ताट घेऊन जवळ सरकली.

"तुजा जीव मागितला मी," राहीबाई म्हणाली. "तर बदल्यात माजं काय तरी द्यायला पायजे हुतं. लोकं बोलत्यात की, चा सोडते, भात सोडते. मला बी मटान लई आवडायचं तवा. मटान सोडते म्हनले आसते तरी पिराला चाललं आसतं." ती थांबली. "ते माज्या मनात आलं हुतं, बग. त्या पेटीपुढं उभी हुते तवाच आलं हुतं. पर ते मला जड गेलं आसतं. म्हनून बोकडाचा जीव बोलले."

बिभीषण वाट बघत राहिला, की पोरगी आता म्हणेल, नाही गं आजी, तसं नाही. घरातलं कुणीही म्हणालं असतं. तो स्वतः म्हणाला असता. प्रणिता तसं म्हणाली नाही. ती फक्त आणखी थोडी सरकली आणि आजीच्या खांद्याला टेकून बसली. राहीबाईने तिला टेकू दिलं.